‘ग्राफ्ट’ शिकायचंय? आधी कलम आठवा

आईच्या पायावर उकळतं पाणी सांडलं, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘ग्राफ्ट करावं लागेल.’ बारा वर्षं द्राक्षाची कलमं भरतोय मी, पण हा शब्द नर्सरीबाहेर कधी ऐकला नव्हता. त्या रात्री दवाखान्यातल्या बाकावर बसून तो नीट समजून घेतला. इंग्रजी क्रियापद शिकायची माझी रीत तेव्हापासून तीच.

शब्दकोश नंतर. आधी ते काम हाताने कसं होतं ते डोळ्यांपुढे आणा. ऑगस्ट-सप्टेंबरात आमच्या दिंडोरीकडे डॉगरिज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर, म्हणजे मुळासकटच्या बुंध्यावर, थॉम्पसन या दुसऱ्या जातीची काडी चढते. खुंट आडवा छाटायचा, मधोमध चीर द्यायची. डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली ती काडी, खालून दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची आणि पट्टी घट्ट गुंडाळायची. एकाचा जिवंत तुकडा दुसऱ्यावर असा बसवायचा की दोघांचा जीव एक व्हावा, हा ‘ग्राफ्ट’चा अर्थ. चिकटवण्यासाठी तो वापरू नका.

मग मूळ शोधा. ग्रीकमध्ये ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणं, त्यावरून लेखणीला ‘ग्राफिओन’. लॅटिन आणि जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत ‘ग्राफ’ होऊन आला. शेवटचा ‘ट’ मागाहून लागला. तासलेली काडी लेखणीसारखी दिसते, म्हणून हे नाव. आणि आपलं ‘कलम’? तीही अरबीतली लेखणीच की! बोरू तासा नाहीतर डोळकाडी, टोक तसंच निघतं. आईची काळजी होती, तरी हे उमगल्यावर मी बराच वेळ हरखून बसलो होतो.

वाक्यात जे चढवायचं ते आधी, ज्यावर चढवायचं ते ‘ऑन्टू’नंतर: ‘वी ग्राफ्टेड थॉम्पसन ऑन्टू डॉगरिज.’ मांडीची कातडी पायावर लावली तरी क्रम हाच. उलटा केलात तर खुंटच काडीवर चढेल. ब्रिटिश बोलण्यात ‘ग्राफ्ट’ म्हणजे राबणं, अमेरिकेत लाचखोरी. ते अर्थ वहीत वेगळ्या पानावर लिहा.

शब्दासोबत फिरणारा शब्दही लगेच उचला. आपलं कलम ‘लागतं’, इंग्रजीत त्याला ‘टेक’ म्हणतात. पाचव्या दिवशी पट्टी सोडून डॉक्टर नर्सला म्हणाले, ‘द ग्राफ्ट हॅज टेकन.’

मी वाकून आईला सांगितलं, ‘आई, कलम लागलं.’