मराठवाड्यातील भूशास्त्रीय क्षेत्रभेट: परिषदेच्या आयोजकांसाठी

भूशास्त्राची परिषद ठरली की आयोजन समितीच्या बैठकांत सभागृह, निवास आणि भोजन यांवर तासन्‌तास चर्चा होते, आणि क्षेत्रभेटीचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत 'एक दिवस वेरूळ, एक दिवस लोणार' एवढ्यावर आटोपतो. दूरवरून आलेला संशोधक मात्र खडक पाहायला आलेला असतो; शोधनिबंध त्याला घरी बसूनही वाचता येतात. म्हणून क्षेत्रभेटीचा प्रमुख पहिल्याच बैठकीत नेमावा आणि त्याच्याकडे दुसरी कोणतीही जबाबदारी देऊ नये. परिषद जानेवारीत असेल तर त्याचे काम आदल्या जानेवारीत सुरू झालेले असावे, आणि वर्षभर आधी का, ते पुढे स्पष्ट होईल.

ठिकाणांची यादी करण्यापूर्वी भेटीचा प्रश्न ठरवावा. मराठवाड्यात हे विशेष गरजेचे आहे, कारण या प्रदेशाचा बहुतेक भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हा प्रवाहांनी, म्हणजे दख्खनच्या बसाल्टने व्यापलेला आहे. नवख्या पाहुण्याला सहा थांब्यांवर सहा वेळा काळा दगड दिसतो आणि तिसऱ्या थांब्यानंतर तो बसमधून उतरायचा थांबतो. त्याच सहा थांब्यांना एका प्रश्नाने बांधले, तर प्रत्येक ठिकाणी तो आधीच्या थांब्याशी तुलना करू लागतो.

एक उदाहरण सविस्तर मांडतो, कारण माझ्या मते परिषदेनंतरच्या दोन-तीन दिवसांच्या भेटीसाठी मराठवाड्यात याहून चांगला मार्ग नाही. प्रश्न असा: या बसाल्टच्या खाली काय आहे? लातूरहून निघून पहिला मोठा थांबा किल्लारीला घ्यावा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे येथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि स्थिर समजल्या जाणाऱ्या भूखंडाच्या अंतर्भागात एवढा धक्का कसा बसतो, हा प्रश्न जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे उभा राहिला. त्यानंतर किल्लारीत घेतलेले वेधन, म्हणजे यंत्राने खडकात पाडलेले छिद्र, ६१७ मीटर खोल गेले. त्यात ३३८ मीटर बसाल्ट, त्याखाली जेमतेम ८ मीटर गाळाचे थर आणि मग थेट अतिप्राचीन ग्रॅनाइटी नाइस (उष्णता व दाबाने रूपांतरित झालेला) खडक लागला. हे आकडे पाहुण्यांना किल्लारीच्या काळ्या रानात उभे करून सांगावेत, म्हणजे पायाखालचे ३३८ मीटर त्यांना जाणवतील. तेथून निलंगा, उदगीरमार्गे देगलूरकडे निघावे. उदगीर सोडल्यावर पठार उतरत जाते, बसाल्टचे आच्छादन विरळ होत जाते, आणि नांदेड जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात ग्रॅनाइट उघड्यावर येतो. किल्लारीत ज्याच्यापर्यंत पोहोचण्यासाठी वेधनयंत्र लागले, त्या प्राचीन पायाच्या खडकावर देगलूरच्या माळावर सहज तळहात टेकवता येतो. हा हात टेकवण्याचा क्षण साधण्यासाठीच सारा प्रवास आखायचा असतो. त्यामुळे वाटेतले थांबे कितीही मोहक असले, तरी ते कमी करून देगलूरला किमान दीड तास उजेडाचा राखावा.

परिषद चालू असताना अर्ध्या दिवसाची भेट द्यायची असेल आणि परिषद छत्रपती संभाजीनगरात असेल, तर देवगिरी आणि वेरूळ पुरेसे आहेत. त्यात तिसरे काही घालू नये. येथे प्रश्न वेगळा ठेवता येतो: एका लाव्हा प्रवाहाचा तळ कोणता आणि माथा कोणता? प्रवाहाचा मधला भाग घट्ट व एकसंध असतो, वरच्या भागात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत झिओलाइट, गारगोटी किंवा कॅल्साइट ही खनिजे भरतात. दोन प्रवाहांच्या मध्ये कधी गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. वरून खाली कोरत आणलेल्या कैलास लेण्याच्या प्रांगणात उभे राहून सभोवतालच्या उभ्या कातळात पाहुण्यांना स्वतःच हे भाग ओळखायला लावावेत. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून सकाळी देवगिरी आणि दुपारनंतर वेरूळ हा क्रम ठेवल्यास दगडाचा पोत उजेडात नीट दिसतो. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो. ही बाब सर्वांना माहीत असते आणि तरीही वेळापत्रक छापून झाल्यावर लक्षात येते.

लोणार प्रशासकीयदृष्ट्या विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात आहे, पण जालन्याच्या बाजूने तेथे जाणे सोयीचे असल्याने मराठवाड्यातील परिषदेत त्याचा समावेश होतोच. बसाल्टमध्ये उल्केच्या आघाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पूर्ण दिवस मागते. त्याचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले आहे, आणि ही तफावतच त्या दिवसाचा प्रश्न म्हणून उत्तम आहे. उतरण्यापूर्वी कडेवरच अर्धा तास थांबून हा वाद मांडावा. चढून आल्यावर दमलेला माणूस काही ऐकण्याच्या स्थितीत नसतो.

आता पूर्वपाहणीकडे वळू. मार्गाची पाहणी किमान दोनदा करावी, आणि त्यांपैकी एक प्रत्यक्ष भेटीच्याच ऋतूत, म्हणजे आदल्या वर्षी त्याच महिन्यात करावी. हा धडा मला महागात पडून मिळाला. एका परिषदेसाठी आम्ही मे महिन्यात पाहणी केली होती. बालाघाटच्या पठारावर एका शेतात नवी विहीर खणणे चालू होते: वर हातभर काळी माती, मग मुरूम, मग पोकळ्यांनी भरलेला मऊ खडक आणि तळाशी घट्ट काळा पाषाण, असा पाठ्यपुस्तकात शोभावा असा छेद उघडा पडला होता. काठावर काढून टाकलेल्या दगडांचा ढीगही बोलका होता, कारण जे सर्वांत खाली होते ते सर्वांत शेवटी निघून ढिगाच्या वर येऊन पडले होते. शेताचे मालक काठावर बसून म्हणाले, "साहेब, हा मांजऱ्या. मांजऱ्या लागला की पाणी हाय, काळा लागला की पैसा गेला." मांजऱ्या म्हणजे तोच पोकळ्यांनी भरलेला मऊ खडक. जलधारक थराची याहून नेमकी व्याख्या मी वर्गात कधी केली नव्हती. आम्ही तो थांबा मार्गदर्शिकेत छापला आणि जानेवारीत चाळीस पाहुण्यांना घेऊन तेथे पोहोचलो. विहिरीला वरपासून दगडी बांधकाम झाले होते, आत पाणी भरले होते आणि दगडांचा ढीग बांधावर पसरून टाकला होता. दोष कोणाचाही नव्हता. ज्याने विहीर खणली त्याला पाणी हवे होते. तेव्हापासून विहीर, शेततळे, खाण किंवा रस्त्याची नवी कापणी यांवर आधारलेल्या प्रत्येक थांब्याला मी एक पर्यायी थांबा जोडून ठेवतो आणि भेटीच्या आठवडाभर आधी मालकांना फोन करतो.

पावसाळा संपताच भेट ठेवू नये. त्या वेळी प्रदेश सुंदर दिसतो, पण कुसळी गवताखाली खडक झाकलेला असतो आणि काळ्या मातीच्या वाटेवर बस रुतते. दिवाळीनंतर गवत सुकते. डिसेंबर व जानेवारी हे महिने उत्तम. त्याच काळात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असतात, म्हणून साखर कारखान्यांच्या पट्ट्यातील प्रवासाला सव्वापट वेळ धरावा. मार्चनंतर उघड्या कातळावर दुपारी कोणाला उभे करणे धोक्याचे आहे.

वेळेचे गणित पाहणीच्या दिवशी स्वतःच्या गाडीने मांडू नये. दोघे जण जीपमधून पंधरा मिनिटांत जो थांबा उरकतात, त्याला चाळीस जणांच्या बसला पाऊण तास लागतो. एकाच दारातून सर्व उतरण्यास दहा मिनिटे जातात, शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत पहिल्याचे छायाचित्र काढून झालेले असते, आणि परतताना कोणीतरी एक जण नेहमी मागे राहतो. माझा अनुभव असा की दिवसाला पाच थांबे ही कमाल मर्यादा आहे आणि चार असतील तर चर्चा होते. एका मोठ्या बसपेक्षा सतरा आसनी तीन वाहने घ्यावीत. ती शेतरस्त्यावर जातात आणि एक बिघडले तरी भेट थांबत नाही. समृद्धी महामार्गाच्या कापण्यांत लाव्हा प्रवाहांचे छेद दिसतात, पण तेथे वाहन थांबवण्यास मनाई आहे. ते चालत्या गाडीतून दाखवावेत आणि थांबा जुन्या रस्त्यावर शोधावा.

परवानग्या हा कंटाळवाणा पण सर्वांत निर्णायक भाग आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील स्मारकांत हातोडी गाडीतून खालीच उतरवू नये. लोणारचे सरोवर अभयारण्यात आणि २०२० पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. तेथील दगड, माती, पाणी वा शेवाळ यांचा नमुना लेखी परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि हे नोंदणीपत्रातच स्पष्ट लिहावे, कारण परदेशी पाहुणा नमुन्याची पिशवी खिशात घेऊनच येतो. उपग्रह फोन परवानगीवाचून भारतात आणल्यास थेट पोलीस कारवाई होते, हेही त्यांना महिनाभर आधी कळवावे. खडी क्रशरच्या खाणीत जायचे असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावीच, शिवाय सुरुंग उडवण्याची वेळ त्या दिवशी सकाळी पुन्हा विचारावी. शेतात पाऊल टाकण्यापूर्वी तोंडी का होईना, मालकाची परवानगी स्वतः जाऊन घ्यावी. तुरीचे उभे पीक तुडवून खडक पाहणाऱ्यांना त्या गावात पुढच्या वर्षी कोणी उभे करणार नाही आणि करूही नये.

किल्लारीविषयी थोडे स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. गणेश विसर्जनाच्या रात्री झोपलेली हजारो माणसे त्या पहाटे उठली नाहीत. आज पन्नाशीत असलेल्या तेथील प्रत्येक माणसाला ती पहाट आठवते. म्हणून गटाला बसमधून उतरवण्याआधीच सांगावे की जुन्या गावठाणात मोठ्याने हसू-बोलू नये, लोकांची छायाचित्रे न विचारता काढू नयेत आणि 'तुमच्या घरातले किती गेले' असा प्रश्न कोणी करू नये. सरपंचांना आधी भेटून येण्याचे कारण सांगावे. मी पाहिले आहे की असे केल्यास गावातीलच एखादे काका स्वतःहून पुढे येतात आणि माती-दगडांच्या जाड भिंतींची घरे कशी कोसळली हे दाखवतात; बांधकाम आणि जीवितहानी यांचा संबंध त्यांच्याइतका कोणत्याही तक्त्यातून समजत नाही. त्यांना बोलू द्यावे, आणि त्या वेळी घड्याळाकडे पाहू नये.

मुक्कामी आणि वाटेतील सोयींत स्त्री सहभागींसाठी स्वच्छतागृह कोठे आहे, ते उघडे असते का आणि तेथे पाणी आहे का, हे पाहणीच्या वेळी स्वतः जाऊन तपासावे. दर दोन तासांना असा एक थांबा नसेल तर मार्ग बदलावा. नाहीतर स्त्रिया दिवसभर पाणी पीत नाहीत, आणि उन्हात आजारी पडण्याचे ते एक मोठे कारण आहे. दुपारचे जेवण हॉटेलात ठेवल्यास दीड तास जातो. पोळी, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि केळी असे डबे बरोबर घेतल्यास तो वेळ खडकाला मिळतो. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या शेतकऱ्याकडे हुरड्याची सोय झाली तर तेवढा वेळ मात्र अवश्य द्यावा. अजिंठा, देवगिरी अशा कातळकड्यांवर आग्या मोहोळे असतात, म्हणून तीव्र सुगंधी द्रव्ये लावू नयेत आणि धूर करू नये. मार्गावरील ग्रामीण रुग्णालयांचे क्रमांक प्रत्येक वाहनात चिकटवावेत.

मार्गदर्शिका जाड असू नये. प्रत्येक थांब्यासाठी एक पान पुरे: अक्षांश-रेखांश, काय पाहायचे, कोठे उभे राहिल्यास ते दिसते, अद्याप काय वादग्रस्त आहे, आणि काय करण्यास मनाई आहे. छायाचित्रावर थरांच्या रेषा आखून द्याव्यात, पण त्याशेजारी तेच छायाचित्र रेषांवाचूनही छापावे, म्हणजे पाहणाऱ्याला आपला अर्थ लावायला जागा राहते. मांजऱ्या, मुरूम, कातळ हे शब्द शास्त्रीय नावांबरोबर अवश्य द्यावेत. वाटेत भेटणारा शेतकरी त्याच शब्दांत उत्तर देणार असतो. शुल्क ठरवताना किमान सहभागी संख्या आणि ती न भरल्यास भेट रद्द करण्याची तारीख आधीच जाहीर करावी, आणि परतीच्या दिवशी संध्याकाळचे विमान वा रेल्वे कोणालाही धरू देऊ नये.

भेट संपल्यावर आठवड्याच्या आत प्रत्येक थांब्यासमोर ठरवलेली आणि प्रत्यक्ष लागलेली वेळ लिहून ठेवावी. पुढच्या आयोजकाला त्याहून उपयोगी काही देता येत नाही. आणि ज्यांच्या शेतात, विहिरीवर किंवा खाणीत आपण उभे राहिलो, त्या प्रत्येकाला मार्गदर्शिकेची एक प्रत पोहोचवावी, त्यांच्या विहिरीच्या छेदाचे मोठे छायाचित्र जोडून, ज्यात थरांची नावे मराठीत लिहिलेली असतील.