घरचा आरओ: पाणी तपासण्यापासून मेम्ब्रेन बदलण्यापर्यंत

घरात आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस, म्हणजे दाबाने पाणी पडद्यातून ढकलून क्षार अडवणारे यंत्र) बसवण्याचा निर्णय बहुतेक वेळा पाण्याची चव किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या घटकांचे लिटरमागे मिलिग्रॅममधील प्रमाण) सांगणाऱ्या मीटरवरचा आकडा पाहून घेतला जातो, आणि या दोन्ही गोष्टी त्यासाठी अपुऱ्या आहेत. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढेच मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. त्या क्षारांत निरुपद्रवी कॅल्शियम किती आणि आर्सेनिक किती, हे त्याला कळत नाही. जिवाणू आणि कीटकनाशके तर त्याच्या आकड्यात उमटतच नाहीत. २०० टीडीएसच्या पाण्यात तान्ह्या बाळाला अपायकारक ठरेल इतके नायट्रेट असू शकते आणि ५०० टीडीएसचे पाणी पूर्णपणे निर्धोक असू शकते.

म्हणून यंत्र पाहण्याआधी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. टीडीएस, जडपणा, लोह, मँगनीज, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक, शिसे आणि कोलिफॉर्म जिवाणू एवढ्या गोष्टी अहवालात असाव्यात. पाणी क्लोरीन घालून येत असेल तर क्लोरीनचे प्रमाणही पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादा लिटरमागे फ्लोराइडसाठी १.५ मिलिग्रॅम, नायट्रेटसाठी ५० मिलिग्रॅम आणि आर्सेनिकसाठी ०.०१ मिलिग्रॅम अशा आहेत. टीडीएस साधारण ६०० पेक्षा कमी असेल तर पाणी चवीला चांगले मानले जाते आणि १००० च्या पुढे ते पिणे नकोसे होऊ लागते. अहवालातील सारे आकडे मर्यादेत असतील आणि चवीची तक्रार नसेल, तर आरओ घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तक्रार फक्त गढूळपणाची किंवा क्लोरीनच्या वासाची असेल तर गाळाचा फिल्टर आणि वास शोषून घेणारा कार्बन फिल्टर पुरतो, आणि फक्त जिवाणूंची असेल तर पाणी गाळून उकळणे किंवा यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारे यंत्र) पुरते. उकळण्याने नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक मात्र कमी होत नाही. पाण्याची वाफ होऊन गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण उलट वाढते. क्षार, फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक किंवा शिसे ही अडचण असेल तेव्हाच आरओ हा योग्य उपाय ठरतो.

यंत्राच्या आत काय घडते

दोन बाजूंना कमी आणि जास्त क्षारांचे पाणी असेल व मध्ये निमपार्य (पाणी जाऊ देणारा पण क्षार अडवणारा) पडदा असेल, तर पाणी आपोआप जास्त क्षारांच्या बाजूला जाते. क्षारयुक्त बाजूवर पुरेसा दाब दिला की हा प्रवाह उलटतो, पाणी पडद्यातून पार होते आणि क्षार मागे राहतात. सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा असा पडदा तयार केला, ज्यातून व्यवहारात उपयोगी पडेल इतके पाणी मिळू लागले. आजच्या घरगुती यंत्रांतील मेम्ब्रेन, म्हणजे हा पडदा, बहुधा पॉलिअमाइड या प्लास्टिकचा असतो. तो क्षार अधिक चांगले अडवतो, पण क्लोरीन त्याला सोसत नाही. मेम्ब्रेनच्या आधी क्लोरीन शोषून घेणारा कार्बन फिल्टर असतो तो म्हणूनच. जुना झालेला कार्बन तसाच ठेवून फक्त मेम्ब्रेन बदलला, तर नवा मेम्ब्रेनही लवकर खराब होतो.

बसवताना

पाण्याचा मार्ग साधारणपणे असा असतो: आधी ५ मायक्रॉनचा सेडिमेंट (गाळाचा) फिल्टर, मग कार्बन, मग मेम्ब्रेन, त्यानंतर साठवणीची टाकी आणि शेवटी नळाच्या आधी चव सुधारणारा छोटा कार्बन. जोडणी थंड पाण्याच्याच नळाला करावी, कारण गरम पाण्याने मेम्ब्रेन खराब होतो. येणाऱ्या पाण्याला किमान ४० पीएसआय, म्हणजे सुमारे २.८ बार, दाब लागतो. त्याहून कमी असेल तर बूस्टर पंप लावावा. कमी दाबावर यंत्र पाणी देते, पण थोडे देते, त्यात क्षार जास्त उतरतात आणि वायाही अधिक जाते. पाण्यात लोह, मँगनीज किंवा जडपणा फार असेल तर त्यांवरचा उपाय आरओच्या आधीच करावा, नाहीतर मेम्ब्रेनवर थर बसतो.

टाकाऊ पाण्याची नळी गटाराच्या पाइपात खोल खुपसू नये. तिच्या तोंडाखाली हवेची मोकळी जागा राहील अशी जोडणी करावी, म्हणजे तुंबलेले सांडपाणी उलटे यंत्रात शिरणार नाही. आरओनंतरची नळी प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची असावी, कारण क्षार काढलेले पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि तांब्याच्या पाइपातून धातू ओढून घेते. हाउसिंग (फिल्टरचे भांडे) बंद करण्यापूर्वी ओ-रिंग (सांध्यातील रबरी कडी) पुसून तिला खाद्योपयोगी सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावावा. सुरू केल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून पाहावा, म्हणजे बारीक गळतीही दिसते. पहिली भरलेली टाकी पूर्ण सोडून द्यावी आणि शक्य असेल तर दुसरीही, कारण तिच्यात कार्बनची पूड आणि मेम्ब्रेनवरचे परिरक्षक द्रव्य उतरलेले असते.

वाया जाणारे पाणी

याविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत, आणि चुकीच्या काटकसरीने यंत्र बिघडते तेही येथेच. मेम्ब्रेनने अडवलेले क्षार वाहून नेण्यासाठी काही पाणी सतत बाहेर पडावेच लागते. साध्या यंत्रात १ लिटर शुद्ध पाण्यामागे ३ ते ४ लिटर असे जाते, तर चांगल्या रचनेच्या यंत्रात ते १ लिटरपर्यंत उतरते. हे प्रमाण फ्लो रिस्ट्रिक्टर नावाचा छोटासा भाग ठरवतो. ६०० टीडीएसचे ४ लिटर पाणी आत गेले, १ लिटर ३० टीडीएसचे होऊन बाहेर आले, तर उरलेल्या ३ लिटरचा टीडीएस सुमारे ७९० होतो. त्याच पाण्यातून निम्मे शुद्ध आणि निम्मे टाकाऊ असे काढले, तर टाकाऊ पाणी सुमारे ११७० पर्यंत चढते. म्हणजे पाणी जितके वाचवावे तितके मेम्ब्रेनलगतचे पाणी दाट होत जाते आणि कॅल्शियमचे क्षार त्यावर बसण्याचा संभव वाढतो. पाणी वाचावे या चांगल्या हेतूनेच कोणी टाकाऊ पाण्याची नळी चिमटते किंवा रिस्ट्रिक्टर बदलते, पण जड पाणी असलेल्या घरात त्याची किंमत मेम्ब्रेन फुकट जाण्याने मोजावी लागते. बचत करायची असेल तर कमी टाकाऊ पाण्यासाठीच बनवलेले यंत्र घ्यावे आणि जडपणा आधी कमी करावा.

वरच्या हिशेबावरून हेही दिसते की हे टाकाऊ पाणी आलेल्या पाण्यापेक्षा थोडे खारट असते, विषारी झालेले नसते. फरशी पुसणे, शौचालयात ओतणे, भांड्यांचे पहिले विसळण यांसाठी ते बादलीत साठवून वापरावे. झाडांना रोज घातल्यास मातीत क्षार साठतात, म्हणून तेथे जपून वापरावे. मूळ पाण्यात आर्सेनिक किंवा फ्लोराइड मर्यादेबाहेर असेल, तर ते जनावरांनाही पाजू नये.

टीडीएस कंट्रोलरविषयी एक इशारा

अनेक यंत्रांत चव यावी म्हणून थोडे न शुद्ध केलेले पाणी शुद्ध पाण्यात मिसळणारी झडप असते. मूळ पाण्यात फक्त क्षार जास्त असतील तर तिला हरकत नाही. परंतु ज्या आर्सेनिकसाठी किंवा नायट्रेटसाठी आरओ घेतला, तेच तिच्यातून परत पेल्यात येते. अशा घरात ती पूर्ण बंद ठेवावी आणि चवीसाठी खनिजांचे कार्ट्रिज लावावे.

मेम्ब्रेनची परीक्षा

यंत्र बसल्यावर पहिल्या आठवड्यात येणाऱ्या आणि शुद्ध झालेल्या पाण्याचा टीडीएस मोजून तारखेसह वहीत लिहावा. पुढे दर महिन्याला तीच नोंद करावी. दोन्ही आकड्यांतील फरकाला येणाऱ्या पाण्याच्या आकड्याने भागून १०० ने गुणले की मेम्ब्रेन किती टक्के क्षार अडवतो ते कळते. ६०० चे ३० झाले तर ९५ टक्के. ६०० चे १२० झाले तर ८० टक्के, आणि तेथे पोचल्यावर मेम्ब्रेन बदलणे योग्य. कंट्रोलर किंवा खनिजांचे कार्ट्रिज असेल तर पाणी त्यांच्या आधी काढून मोजावे, नाहीतर हिशेब चुकतो. यंत्र बराच वेळ बंद असताना क्षार हळूहळू पडद्यापलीकडे झिरपतात, म्हणून सुरू केल्यानंतरचे पहिले पाणी नेहमी जास्त आकडा दाखवते; काही मिनिटे पाणी तयार होऊ देऊन मगच मोजावे.

ही परीक्षा मेम्ब्रेनची आहे, पाण्याच्या निर्धोकपणाची नव्हे. नायट्रेट इतर क्षारांपेक्षा अधिक सहज पार होते. हवा न लागलेल्या भूजलातील आर्सेनिक बहुधा विद्युतभार नसलेल्या रूपात असते आणि तेही मेम्ब्रेनमधून बऱ्याच प्रमाणात निसटते. या दोन्हींसाठी यंत्र बसवल्यावर शुद्ध पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा आणि वर्षातून एकदा तपासणी पुन्हा करावी. मेम्ब्रेनची छिद्रे जिवाणूंपेक्षा फारच लहान असली तरी सांध्यांतून आणि रबराच्या कडांतून थोडे पाणी मेम्ब्रेनला वळसा घेऊन पुढे जाऊ शकते, म्हणून मूळ पाणी दूषित असेल तर आरओनंतर यूव्ही असलाच पाहिजे.

पाणी कमी येऊ लागले की लगेच मेम्ब्रेनला दोष देऊ नये. थंडीत पाणी गार झाले की दर अंशामागे उत्पादन साधारण ३ टक्क्यांनी घटते. सेडिमेंट फिल्टर तुंबला असेल तरी तेच होते. दाबाची टाकी असेल तर ती रिकामी करून तिच्यातील हवेचा दाब पाहावा; तो ७ ते ८ पीएसआय असावा, कमी असेल तर सायकलच्या पंपाने भरावा. टाकी भरल्यावरही टाकाऊ पाणी वाहतच राहिले तर आपोआप पाणी बंद करणारी झडप किंवा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटे जाऊ न देणारी झडप) बिघडलेला असतो. टाकाऊ पाणी मुळीच येत नसेल तर रिस्ट्रिक्टर तुंबला आहे असे समजून यंत्र तत्काळ बंद करावे.

बदल, स्वच्छता आणि सुटी

सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर ६ ते १२ महिन्यांत, तर मेम्ब्रेन बहुधा २ ते ३ वर्षांत बदलावा लागतो. गढूळ पाण्यात हे अंतर कमी होते. फिल्टर बदलतानाच वर्षातून एकदा टाकी आणि नळ्या निर्जंतुक कराव्यात. त्यासाठी सुगंधरहित घरगुती ब्लीच वापरायचे असेल तर मेम्ब्रेन आणि सर्व कार्ट्रिज आधी बाहेर काढावेत, स्वच्छ पिशवीत ओलसर ठेवावेत, आणि ब्लीचचा वास पूर्ण जाईपर्यंत धुऊन झाल्यावरच परत बसवावेत.

दोन आठवड्यांहून अधिक घराबाहेर जायचे असेल तर पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी; मेम्ब्रेन मात्र हाउसिंगमध्ये ओलाच राहू द्यावा, कारण एकदा वापरलेला मेम्ब्रेन कोरडा पडला की बहुधा पूर्ववत होत नाही. परत आल्यावर टाकी एकदा पूर्ण भरून सोडून द्यावी आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी पिण्यास घ्यावे.