रात्रीचा सी ट्राऊट कसा गरवावा: ह्यू फॉल्कस यांच्या पद्धतीनं

जूनच्या शेवटच्या आठवड्यात इथे, इंग्लंडच्या वायव्येला कंब्रियात, रात्री साडेदहालाही आभाळात उजेड असतो. त्या उजेडात मी एस्क नदीच्या काठी गवतात बसून असते. काठी मांडीवर आडवी, फ्लाय (पिसं बांधून केलेला नकली आमिषाचा गळ) बांधून तयार. समोरच्या कोंडात किलो-दीड किलोचे मासे धपाधप उड्या मारत असतात. तरीही दोरी पाण्यात टाकायची नाही. हे बसून राहणं मला ह्यू फॉल्कस या इंग्रज गरवणाऱ्या लेखकानं शिकवलं. ते 1996 साली गेले, मी इथे नर्स म्हणून आले त्याच्या कितीतरी नंतर, त्यामुळे भेट कधी झाली नाही. पण माझा या विद्येतला गुरू कोण असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगते.

मी मूळची राजापूर तालुक्यातली, खाडीकाठची. आबांबरोबर गरवायला जायचे. गरीला कोळंबी लावायची, ओहोटी लागली की धक्क्यावर बसायचं. "पाय आपटू नको, माशाला अंगानं ऐकू येतं," असं आबा म्हणायचे. व्हाइटहेवनमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात फॉल्कस यांचं सी ट्राऊटवरचं पुस्तक हाती लागलं, तेव्हा पहिल्या वीस पानांतच मला आबा भेटले. पहिली आवृत्ती 1962 सालची. रात्री सी ट्राऊट गरवणारी इथली माणसं आजही त्यातलेच शब्द वापरतात.

आधी मासा समजून घ्या. सी ट्राऊट आणि नदीतला साधा ब्राऊन ट्राऊट ही एकच जात. हिमाचलात तीर्थन नदीवर जो ब्राऊन ट्राऊट मिळतो, तोही तोच. फरक एवढाच की काही पिल्लं नदीतच राहतात आणि काही अंगावर चांदी चढवून समुद्रात जातात, तिथे खाऊन-पिऊन दांडगी होतात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतात. सामनचंही (सॅल्मन) तसंच. (आपल्याकडे रावसाला 'इंडियन सामन' म्हणून विकतात, त्याचा या कुळाशी काही संबंध नाही.) कोकणातल्या माणसाला हे एका शब्दात सांगता येतं: हा चढणीचा मासा. आपला जिताडा याच्या बरोबर उलटा, तो अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे उतरतो.

आता खरी अडचण अशी की हा मासा नदीत आला की त्याची भूक जवळजवळ मरते. सामन तर नदीत खातच नाही. मग न जेवणाऱ्या माशाला गळ दाखवायचा तरी कशाला? फॉल्कस यांची थोरवी मला इथे दिसते. बाकीचे लोक कुठली फ्लाय चालते याच्या याद्या करत होते, तेव्हा हा माणूस मासा तोंड का उघडतो हे विचारत होता. खाण्याची जुनी सवय असते, कधी राग असतो, कधी नुसतं कुतूहल. एकदा हे धरलं की कुठे उभं राहायचं, फ्लाय केवढी, दोरी किती सावकाश ओढायची, हे सगळं त्यातूनच निघतं. निको टिंबर्गन या शास्त्रज्ञाबरोबर त्यांनी कुरव पक्ष्यांच्या वागण्यावर चित्रपट केला होता. टिंबर्गन यांना पुढे 1973 साली नोबेल मिळालं. पक्ष्यांकडे ज्या नजरेनं पाहायचं, त्याच नजरेनं फॉल्कस पाण्याकडे पाहत.

दिवसाचं काम

रात्रीची गरवणी दुपारीच सुरू होते. उन्हं असताना त्या कोंडावर जा आणि काठी घरी ठेवा. खडक कुठे आहे, मागे कुठलं झाड दोरी पकडणार, पाण्यात उतरायची वाट कुठली, गोटे कुठे घसरडे आहेत, हे पायांनी पाठ करा. मी काठावरच्या कुंपणाच्या खांबापासून पावलं मोजते. एस्क ही स्काफेलच्या डोंगरांतून उतरते आणि रेव्हनग्लासला इर्ट आणि माइट या दोन नद्यांबरोबर समुद्राला मिळते. पाणी इतकं नितळ की दुपारी मासे झाडाच्या सावलीत एकाला एक लागून दिसतात, राखाडी सावल्यांसारखे. तुम्ही त्यांना पाहिलंत तसं त्यांनीही तुम्हाला पाहिलेलं असतं, म्हणून लांबूनच पाहा आणि वाकून चाला.

परवान्याचं आधीच बघा. इंग्लंडमध्ये सामन आणि सी ट्राऊटसाठी पर्यावरण विभागाचा वेगळा परवाना लागतो, आणि त्याशिवाय त्या पाण्याच्या मालकाची किंवा क्लबची परवानगी. रात्री गरवायला मुभा आहे का, हेही क्लबलाच विचारा. 16 जूनच्या आधी सापडलेला सामन सोडावाच लागतो. मी तर वर्षभर सोडतेच. ब्रिटनमधला सामन 2023 साली धोक्यातल्या जातींच्या यादीत गेला, तेव्हा तो ताटात घेणं मला जमत नाही.

सामान फार नको. दहा फुटांची एकहाती काठी, सात नंबरची तरंगणारी दोरी, आणि दुसऱ्या रिळावर बुडणारी दोरी. लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला फ्लाय बांधायचा दोरा, दहा-बारा पौंडांचा ताण सोसणारा. काळोखात माशाला दोरा दिसत नाही, त्यामुळे बारीक दोऱ्याचा सोस करू नका. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली तर दोरा तिथेच पोळतो आणि मोठा मासा बरोबर तिथेच तोडतो.

फ्लायमध्ये पहिली म्हणजे फॉल्कस यांची 'मेडिसिन'. साधारण पाच सेंटिमीटरचा बारीक एकेरी गळ, अंगाला चंदेरी रंग, गळ्याशी निळं पीस, वर बदकाच्या करड्या पिसाचा सडपातळ पंख आणि डोक्याला लाल रंग. पहिल्यांदा बांधली तेव्हा मी पिसं भरभरून लावली, नवरीसारखी नटवली. ती पाण्यात फुगली आणि नीट पोहेचना. फॉल्कस यांची फ्लाय हडकुळी असते. समुद्रातून आलेल्या माशाला छोट्या चंदेरी मासोळीची आठवण झाली की पुरे. आता मी लावायची वाटतात त्याच्या निम्मीच पिसं लावते.

पहिला अर्धा

त्यांनी रात्रीचे तीन भाग केले आहेत: पहिला अर्धा, मध्यंतर, दुसरा अर्धा. फुटबॉलच्या सामन्यासारखे.

पहिला अर्धा कधी सुरू करायचा, याच प्रश्नावर बहुतेकांची रात्र वाया जाते. संधिप्रकाशात मासे उड्या मारतात, हात शिवशिवतात आणि माणूस दोरी फेकतो. कोंडाच्या शेपटाला, जिथे पाणी उथळ होऊन पुढे सांडतं, तिथे मासे नुकते येऊन स्थिरावत असतात. त्या उजेडात डोक्यावरून दोरी गेली की सगळा थवा वर खोल पाण्यात पळतो, आणि तो कोंड पुढचे दोन तास मेला. म्हणून थांबायचं. माझी खूण अशी: पलीकडच्या काठावरच्या झाडाची पानं वेगवेगळी दिसत आहेत तोवर बसून राहते. पानं मिटून झाडाचा एकच काळा ढीग झाला, हातातल्या फ्लायचा निळा रंग कळेनासा झाला, की उठते. जूनमध्ये हे व्हायला अकरा वाजतात.

बॅटरी पाण्यावर मारायची नाही, कधीच नाही. माझ्या तिसऱ्या रात्री दोरी गुंतली म्हणून मी सवयीनं डोक्यावरचा दिवा लावला. उजेडाचा पट्टा पाण्यावरून फिरला आणि कोंडाच्या शेपटात पाण्याखाली एक मोठी लाट उठून वर गेली. तीस-चाळीस मासे असतील. त्या रात्री पुन्हा एकानंही हाक दिली नाही. आता गुंता सोडवायचा तर पाण्याकडे पाठ करून, काठापासून दहा पावलं आत जाऊन, लाल उजेडात.

फेक लांब नको. आडवी टाका, किंचित खालच्या अंगाला, आणि प्रवाहाला फ्लाय ओढत नेऊ द्या. डाव्या हाताची बोटं मात्र सतत चालू. दोरी अंगठा आणि तर्जनीत धरायची, करंगळीनं ओढून तळहातात घ्यायची, पुन्हा अंगठ्याकडे, पुन्हा करंगळीकडे. हातात इंग्रजी आठचा आकडा तयार होत जातो. लोकरीचं बंडल गुंडाळताना आजीची बोटं चालायची तशी. ही हालचाल अंगवळणी पडायला मला एक अख्खा हिवाळा लागला. नाइट ड्युटीच्या चहाच्या सुट्टीत बँडेजची सुतळी घेऊन बसायचे. गती किती ठेवायची हे पाण्यावर आहे: जोराचं पाणी असेल तर जेमतेम ओढा, संथ असेल तर जरा भराभर.

मासा धरतो तेव्हा काय होतं हे सांगायला हवं. कधी दोरी नुसती जड होते, ओल्या फडक्यात अडकल्यासारखी. कधी इतका जोराचा हिसका बसतो की रीळ किंचाळतं. आणि कधी बोटांना फक्त 'टुक्' जाणवतं, फ्लायच्या शेपटाशी चावा घेऊन मासा निघून गेलेला. अशा टुक्-टुक् करणाऱ्यांसाठी फॉल्कस यांनी 'सिक्रेट वेपन' काढलं, म्हणजे फ्लायच्या मागे लोंबणारा एक चिमुकला तिहेरी गळ. बऱ्याच पाण्यांवर आता तिहेरी गळाला मनाई आहे, मी वापरत नाही. पण माशाचं तोंड नक्की कुठे लागतंय हे त्या टुक् वरून ओळखणं, आणि मग त्यासाठी हत्यार घडवणं, याला मी मनापासून मानते.

पाण्यातले पाय

इथे जरा थांबून वाचा. फॉल्कस यांना पाणी काय करू शकतं हे माहीत होतं. दुसऱ्या महायुद्धात ते स्पिटफायर चालवत, 1940 साली फ्रान्सवर पाडले गेले आणि पुढची वर्षं जर्मनांच्या कैदेत काढली. त्यातून वाचले. आणि 1951 साली आयर्लंडच्या अचिल बेटाजवळ चित्रीकरण चालू असताना नावेला अपघात झाला. मदत आणायला ते पोहत किनाऱ्याला गेले, आणि त्यांची पत्नी व बरोबरची माणसं बुडाली. नदीत कसं उतरावं यावर ते इतकं कळकळीनं का लिहितात, हे मला ही हकिगत कळल्यावर समजलं.

तेव्हा: अंगात तरंगणारं जाकीट, हातात आधाराची काठी. एक पाय घट्ट रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पाय उचलून टाकू नका, तळावरून सरकवा. प्रवाहाकडे अंगाची कड ठेवा, छाती नको. पाणी मांड्यांच्या वर आलं की परत फिरा. पडलातच तर उभं राहायची धडपड करू नका, पाठीवर व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेनं पुढे, आणि हातांनी वल्हवत काठाकडे सरका. वेडरमध्ये (पाण्यात उतरायच्या उंच रबरी पोशाखात) पाणी भरलं म्हणून माणूस दगडासारखा तळाला जात नाही, पाण्यात पाण्याचं वजन नसतं. घाबरला तर मात्र जातो.

मध्यंतर आणि दुसरा अर्धा

साडेबारा-एकच्या सुमाराला नदी अचानक गप्प होते. उड्या थांबतात, धरणं थांबतं, हवा गार पडते. बहुतेक लोक इथे सामान आवरून घरी जातात. फॉल्कस सांगतात, आता जेवून घ्या. मी डब्यात भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी नेते, थर्मासमध्ये आल्याचा चहा. घुबडाचा आवाज सोडला तर काही नसतं. मासे गेलेले नसतात, तळाला गेलेले असतात, आणि मध्यंतर हे मासे काय करताहेत त्यावरून ठरतं, घड्याळावरून नाही.

म्हणून दुसऱ्या अर्ध्यात बुडणारी दोरी. तिच्यावर त्यांचा 'संक ल्युअर': सहा-सात सेंटिमीटर लांब, एकामागे एक जोडलेले दोन गळ, चंदेरी अंग, निळी पिसं आणि वर मोराच्या पिसाऱ्यातले हिरवट तंतू. हा खोल पाण्यात, कोंडाच्या पोटात टाकायचा. टाकल्यावर मनात दहा-पंधरा आकडे मोजा, बुडू द्या, मग अगदी सावकाश ओढा. तळाचा दगड अधूनमधून लागला तर समजा खोली बरोबर आहे. रात्रीचा सगळ्यात मोठा मासा यावर येतो. अगदी काळी, उबदार, वारा नसलेली रात्र असेल तर याच्या उलट करून पाहा, तरंगणारा 'सर्फेस ल्युअर' संथ पाण्यावरून ओढत न्या. मागे बाणासारखी रेघ उमटते आणि कधी त्या रेघेवर बादली ओतल्यासारखा आवाज होतो. तेव्हा लगेच झटका देऊ नका, दोरीला वजन येऊ द्या.

पाण्यावर धुकं दाटलं किंवा पाठीमागून चांदणं पडलं तर रात्र बहुधा जाते. पुराचं पाणी ओसरून नितळ होत आलं असेल आणि आभाळ झाकलेलं असेल तर सुट्टी टाका.

मासा लागला की काठी वर, आणि त्याला पळू द्या. खेचाखेची केलीत तर ओठ फाटतो, सी ट्राऊटचं तोंड मऊ असतं. दमला की आधीच बुडवून ठेवलेल्या जाळ्यावर अलगद आणा. हात पाण्यात ओले करून मगच शिवा, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाचा अडकवता काटा आधीच पकडीनं चेपलेला असला की सोडवायला दोन सेकंद पुरतात. मग पोटाखाली तळहात ठेवून, तोंड प्रवाहाकडे करून, धरून राहा. घाई नको. कल्ले उघडझाप करतात, हळूहळू अंगात ताकद येते, आणि मग शेपटीचा एक फटका मनगटाला बसतो. तो बसेपर्यंत सोडायचं नाही.

अडीच-तीनला पूर्वेला फटफटू लागतं आणि पलीकडच्या झाडाची पानं पुन्हा वेगळी होतात. दोरी गुंडाळा. घरी गेल्यावर फ्लाय गोड्या पाण्यात खळबळून खिडकीत वाळत घाला, आणि किती वाजता, कुठे, काय धरलं ते झोपण्याआधी वहीत लिहा.