दवाखान्यांशी दर ठरवताना या चुका टाळा

कामगारांच्या वैद्यकीय योजनेसाठी कोल्हापुरातल्या दवाखान्यांशी दर ठरवायचं काम मी बरीच वर्षं करतोय. नवीन माणूस आला की त्याच त्या चुका होतात.

पहिली चूक म्हणजे खाटेच्या दिवसांवर पैसे देणं. आमच्याकडेही आधी तसंच होतं. साध्या अपेंडिक्सचा पेशंट आठवडाभर पडून असायचा. दिवस वाढले की बिल वाढणार, मग घरी सोडायची घाई कोण करेल?

मग आम्ही घाईनं सरसकट पॅकेज केलं, म्हणजे दिवस कितीही लागोत, एका ऑपरेशनला एकच ठरावीक रक्कम. ही दुसरी चूक, आणि जास्त महागातली. ऐन पावसात गगनबावड्याकडच्या एका कामगाराला हर्नियाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी घरी सोडलं. बिचारा एसटीनं गेला. पाचव्या दिवशी जखमेतून पू. परत ॲडमिट, आणि माझ्या टेबलावर दुसरं बिल. दवाखान्यानं करार मोडलाच नव्हता. डिस्चार्जनंतरचं एक अक्षर त्यात नव्हतं, आणि तो करार मी लिहिला होता. त्याच्या बायकोनं पिशवीतून काढलेला ड्रेसिंगच्या पावत्यांचा गठ्ठा अजून डोळ्यांसमोर आहे.

हे काही नवीन दुखणं नाही. अमेरिकेत मेडिकेअरनं, म्हणजे मुख्यतः वयस्कर लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यानं, १९८३ साली आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. मुक्काम कमी झाले, पण लवकर घरी पाठवतात ही ओरडही लगेच सुरू झाली. आपल्या आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस धरलेले आहेत. मीही आता तेवढेच धरतो. ड्रेसिंग, टाके काढणं, त्याच जखमेसाठी परत ॲडमिट व्हावं लागलं तर तेही, सगळं त्याच रकमेत. त्यासाठी दर थोडा वाढवून द्यावा लागला तर खुशाल देतो.

सर्वात कमी दर देणाऱ्याला काम देऊ नका. तो वरचे पैसे पेशंटकडून काढतो.

शेजारच्या योजनेचं दरपत्रक उतरवून घेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. एका दुपारचं काम वाचतं आणि वर्षभर भांडणं होतात. मी प्रत्येक आजाराच्या दहा जुन्या फायली उघडतो आणि औषधं, भूल, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग वेगवेगळं लिहून काढतो. मधुमेही, वयस्कर पेशंटचा दर वेगळा ठेवतो, नाहीतर दवाखाने त्यांना सरळ सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात पाठवतात.

आणि बिलं महिन्याच्या आत चुकती करा. थकवणाऱ्याला कोणी चांगला दर देत नाही.