ओव्हरस्पीडचं चलान आलंय, भरू की भांडू?

मेसेज येतो, गाडी नंबर, ठिकाण, वेळ आणि खाली आकडा, दोन हजार. पहिला विचार सगळ्यांचा एकच असतो, की मी एवढ्या स्पीडला नव्हतोच, बघतोच आता, कोर्टात जातो. मीपण तेच म्हणालो होतो, कोस्टल रोडच्या बोगद्यात माझी गाडी ७४ ला टिपली होती आणि तिथे लिमिट ६० आहे. ओळखीच्या वकिलाला फोन लावला, दहा मिनिटं कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "खरं सांग, किती होता?" मी म्हटलं सत्तरच्या आसपास असेन. म्हणाला, "मग भर, आणि मला चहा पाज."

त्यामुळे सगळ्यात आधी स्वतःला तोच प्रश्न विचारा. मुंबईत स्पीडचं चलान लढवणं हे ९६ होता की ८८ होता यावर जवळपास कधीच जमत नाही. गाडीच तुमची नव्हती, किंवा ज्या रस्त्याचं लिमिट लावलंय तो रस्ताच तो नव्हता, असं काही असेल तर मात्र जरूर लढा, आणि तेही आधी कोर्टात नाही.

आता क्रमाने सांगतो, पण त्याआधी एक सूचना, कारण यात लोकांचे पैसे जातायत. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल आली तर ती उघडू नका, ते चलान नाहीये, तो तुमचं बँक अकाउंट धुवायचा कार्यक्रम आहे. खरं चलान बघायचं असेल तर महाराष्ट्र पोलिसांची ई-चलानची वेबसाईट स्वतः उघडा, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन आहे ना ते बघा, किंवा महाट्रॅफिक ॲप घ्या. वेबसाईटवर गाडी नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी चलानं दिसतात, फोटोसकट.

फोटो नीट बघा. म्हणजे खरंच नीट, झूम करून. माझ्या मामाला वांद्रे-वरळी सी लिंकवर ९६ च्या स्पीडचं चलान आलं, तिथे लिमिट ८०. मामाकडे ॲक्टिव्हा आहे. सी लिंकवर दुचाकीला मुळात बंदी आहे, आणि मामाचं म्हणणं होतं, "अरे, माझी ॲक्टिव्हा ८० ला गेली तरी मी सोसायटीत पेढे वाटीन." फोटोत पांढरी कार होती, नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला गेला होता. ॲपमध्ये तक्रारीची सोय आहे, तिथे आरसीचा फोटो, स्कूटरचा नंबर प्लेटसकट फोटो आणि चार ओळी लिहून टाकल्या, पाठपुरावा करावा लागला, पण चलान रद्द झालं. कोर्ट नाही, वकील नाही. असली केस असेल तर हाच रस्ता, आणि लगेच करा, चलानवर जी मुदत दिली असेल तिच्या आत, सहा महिन्यांनी आठवण आली म्हणून नको.

दुसरा प्रकार जास्त वाईट, म्हणजे तुमचा नंबर दुसऱ्या कोणी लावून फिरतोय. जानेवारी २०२५ मध्ये कुलाब्याला ताज हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन गाड्या समोरासमोर सापडल्या होत्या, आठवत असेल, खऱ्या मालकाला न केलेल्या गुन्ह्यांची चलानं येत होती आणि समोरच्याने प्लेटवरचा शेवटचा आकडा बदलला होता. असा संशय आला तर फक्त ॲपवर तक्रार करून थांबू नका, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्या वेळी तुमची गाडी कुठे होती याचा पुरावा जमा करा, फास्टॅगचं स्टेटमेंट, सोसायटीच्या गेटचं रजिस्टर, ऑफिसच्या पार्किंगची पावती, सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड. सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे सेक्रेटरी काकांना त्याच दिवशी गाठा.

तिसरा प्रकार लिमिटचा. मुंबईत हे गोंधळाचं आहे कारण एकाच रस्त्यावर आकडा बदलतो. कोस्टल रोडला सरळ पट्ट्यात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि आत शिरायच्या-बाहेर पडायच्या ठिकाणी ४०. अटल सेतूवर कारला १०० पण रॅम्पवर ४०. ८० ने येणारा माणूस बोगद्यात शिरताना पाय उचलतोच असं नाही, आणि गूगल मॅप्सचा स्पीड दाखवून काही सिद्ध होत नाही, बोगद्यात जीपीएस मिळत नाही. चलानवर ठिकाण काय लिहिलंय आणि लिमिट काय धरलंय हे जुळवून बघा. सरळ पट्ट्यातलं ठिकाण आणि लिमिट ६० लावलेलं, असं काही दिसलं तर तुमच्या हातात खरा मुद्दा आहे. "बोर्ड झाडामागे होता" हा मुद्दा तसा कमजोर, पण त्याच आठवड्यात जाऊन बोर्डाचे फोटो काढले असतील तर निदान बोलता येतं.

या तिन्हीत तुम्ही बसत नसाल, म्हणजे गाडी तुमची, रस्ता तोच, लिमिट बरोबर, फक्त आकडा पटत नाही, तर मग मशीनवर बोट ठेवायचं राहतं. इथे नियम तुमच्या बाजूने बरेच आहेत हे खरं. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७ ए हा नियम आला. त्याप्रमाणे स्पीड कॅमेरा, स्पीड गन वगैरे उपकरणाला मान्यतेचं सर्टिफिकेट लागतं आणि ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं, कॅमेरा असलेल्या पट्ट्याच्या आधी सूचनेचा बोर्ड लागतो, नोटीस घटनेपासून १५ दिवसांत पाठवायची असते, फोटोत गाडीचा नंबर स्पष्ट दिसला पाहिजे, मशीनने मोजलेला आकडा पाहिजे, शिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट पाहिजे. शिवाय १ जुलै २०२५ पासून रडार स्पीड गनना वैधमापनवाल्यांची पडताळणी आणि शिक्का लागतो, म्हणजे वाण्याच्या तराजूला जो शिक्का लागतो तोच कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये असंही आहे की एकाच साक्षीदाराने नुसतं 'माझ्या मते स्पीड जास्त होता' म्हटलं म्हणून शिक्षा होत नाही, त्याला मशीनचा आधार लागतो.

हे सगळं वाचून हात शिवशिवतात, माझेपण शिवशिवले होते. म्हणून सांगतो, कोर्टात उडी मारायच्या आधी माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, महाराष्ट्राच्या आरटीआय पोर्टलवरून ऑनलाईन होतो, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात गोष्ट सांगत बसू नका, मुद्देसूद मागा, अमुक तारखेला अमुक ठिकाणी वापरलेल्या उपकरणाचं मान्यता सर्टिफिकेट, पडताळणीचं सर्टिफिकेट, त्या रस्त्याच्या वेगमर्यादेची अधिसूचना, आणि चलान नंबर लिहून त्या चलानचा फोटो-व्हिडिओ. सर्टिफिकेट घटनेच्या तारखेआधी संपलेलं निघालं तर जा कोर्टात, दणकून जा. सगळे कागद बरोबर निघाले तर दहा रुपयांत तुमचा डोक्याचा ताप वाचला.

बरं, आणि स्पीडोमीटर बिघडला होता हे कारण सांगू नका. मीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगीच नाही. तुम्हाला मीटरवर ७८ दिसत असेल तर गाडी बहुतेक त्याच्या खालीच होती.

आता कोर्टाचा हिशोब. समन्स आलं की त्यावर लिहिलेलं मॅजिस्ट्रेट कोर्ट, कुणाला अंधेरी, कुणाला कुर्ला, कुणाला बोरिवली. सकाळी अकराच्या आत जायचं, बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, बघायचा, नाव पुकारेपर्यंत बसायचं, जागा मिळाली तर. विचारतात गुन्हा कबूल आहे का. हो म्हटलं तर दंड भरून त्याच दिवशी मोकळे. नाही म्हटलं की तारीख. मग पोलिसांचा साक्षीदार, तो बंदोबस्ताला असतो, पुढची तारीख, मग मॅजिस्ट्रेट साहेब रजेवर, पुढची तारीख. सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची आहे हे बरोबर, पण लोकल पकडून तिथे पोचायची जबाबदारी तुमची. रोजंदारीवाल्याचा प्रत्येक खाडा धरा, वकिलाची फी धरा, माझ्या वकिलाने (मित्र असूनही) पहिल्या तारखेसाठी जो फीचा आकडा सांगितला तो दंडाच्या वर होता.

एक गंमत मात्र लोकांना माहीत नसते. कायद्यात कारसाठी पहिल्या स्पीडच्या गुन्ह्याला दंड १,००० ते २,००० आहे, आणि महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये तडजोडीची, म्हणजे कोर्टात न जाता भरायची, जी रक्कम ठरवली ती वरच्या टोकाची, २,०००. दुचाकीला १,०००. म्हणजे कार असेल तर कोर्टात गुन्हा कबूल केला तरी साहेबांनी मनात आणलं तर हजारावर सुटू शकतं. पण हजार रुपये वाचवायला अर्धा दिवस आणि रिक्षाभाडं, बघा जमतंय का.

लोकअदालत वेगळी. वर्षातून साधारण चारदा राष्ट्रीय लोकअदालत असते, प्रलंबित चलानांच्या नोटिसा मोबाईलवर येतात, मग सगळे धावतात. तिथे तडजोड होते, तुम्ही जोरात होता का नव्हता हे तिथे कोणी ठरवत नाही, आणि झालेल्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे गाडीच तुमची नव्हती असं असेल तर लोकअदालतीत जाऊन अर्धे पैसे भरू नका, न केलेल्याचे अर्धे पैसे तरी का भरायचे. जुनी पाचसहा चलानं साठली आहेत आणि ती आपलीच आहेत हे मनाला माहितीये, अशांसाठी ती बरी.

आणि भरण्याआधी पक्कं ठरवा, कारण तडजोड रक्कम भरली की विषय संपतो, नंतर भांडता येत नाही. 'आत्ता भरतो, मग रिफंड मागतो' असलं काही नसतं.

काही जण सांगतील की काहीच करू नको, फक्त दंडाचा गुन्हा आहे, सहा महिने गेले की कोर्टाला दखल घेता येत नाही. मुदतीचा कायदा आहे हे खरं, समन्स उशिरा आलं असेल तर तो मुद्दा वकिलाकडून जरूर मांडा, पण कोर्ट योग्य कारण दिसल्यास उशीर माफही करू शकतं. आणि तोवर चलान पोर्टलवर लटकलेलं राहतं, गाडी विकायला काढली की आरटीओत अडकता, घेणारा आधी तेच बघतो.

टॅक्सी, ओला-उबर, टेम्पोवाल्यांनी मात्र माझा 'भरून टाका'वाला सल्ला डोळे झाकून घेऊ नये. स्पीडच्या गुन्ह्यात लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं, दुसऱ्यांदा झालं तर कायद्यातच लायसन्स जप्तीचं आहे. ज्याची चूल लायसन्सवर पेटते त्याने चुकीचं चलान एकही अंगावर घेऊ नये, खाडा पडला तरी चालेल. गाडी मालकाची आणि चालवत तुम्ही होता असं असेल तर चलान मालकाच्या नावाने निघतं, चालवणारा कोण ते सांगायची जबाबदारी त्याची, तेव्हा कोणत्या दिवशी कोण चालवत होतं याची वही ठेवा.

आरसीला जुना मोबाईल नंबर असेल तर आजच बदला, नाहीतर तुमचे मेसेज गाडी विकणाऱ्याला जात राहतील आणि तुम्हाला थेट समन्सच दिसेल.

समजा लढलात आणि सुटलात, तर आनंदात तसेच घरी येऊ नका. नकलेचा अर्ज टाकून ऑर्डरची सर्टिफाईड कॉपी घ्या, ती वाहतूक शाखेत देऊन पोच घ्या आणि पोर्टलवर चलान खरंच उतरलंय का ते दर आठवड्याला बघत राहा, आपोआप उतरेल या भरवशावर राहू नका. मामा अजून महिन्यातून एकदा बघतो, सवयच लागलीये त्याला.