गावभागातल्या जुन्या इमारतीत झकास फ्लॅट करायचा तर

पुण्या-मुंबईहून फोन येतात. सांगलीत गावभागात आजोबांच्या वेळची इमारत आहे, पहिला मजला आमच्या वाट्याला आलाय, तो एकदम फर्स्ट क्लास करायचाय, स्क्वेअर फुटाला काय घेता? स्क्वेअर फुटाचा दर मी फोनवर सांगत नाही. आमचं घर गवंड्यांचं. वडील चुना दळायच्या घाणीवर वाढले, मी सिमेंटच्या काळात कामाला लागलो. त्यामुळे जुन्या भिंतीला काय चालतं आणि काय चालत नाही, ते जरा जास्त कळतं. दर त्यानंतर ठरतो.

सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ साली झाला. त्याच्या आगेमागे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी, बांधलेल्या ज्या इमारती मी उघडून बघितल्या, त्या साधारण सारख्याच: खाली काळ्या दगडाचं जोतं, वर चुन्यात बांधलेली दीड फुटी विटेची भिंत, सागवानी तुळया, त्यावर कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांची तक्तपोशी) आणि वर माती घालून शहाबादी. कुठे कुठे लोखंडी गर्डर. सगळा भार भिंतींवर, कॉलम नाहीत. आर्किटेक्टनं दिवाणखाना मोठा करायला मधली भिंत काढायचं सुचवलं, तर नकाशा बाजूला ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. तसंही ३० वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानेच सांगितलंय. फक्त सही-शिक्क्यापुरतं करू नका, माणूस पोटमाळ्यापर्यंत चढला पाहिजे.

कागदांचं थोडक्यात सांगतो. प्रॉपर्टी कार्डावर कोणाकोणाची नावं आहेत आणि खाली भाडेकरू कोण आहे, हे पहिल्या दिवशी बघा. गिलावा, फरशी, रंग ही घरातली कामं झाली. भिंत किंवा जिना हलवायचा तर महापालिकेत अर्ज लागतो. पाडून नवं बांधू असं कोणी सुचवलं, तर पूररेषा विचारा. २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येईल त्याची लाल. निळ्याच्या आत नवं बांधणं जवळपास विसरा. जुनी इमारत नीट करणं हाच तिथे शहाणपणाचा मार्ग.

आता खरं काम. तुम्ही पहिल्या मजल्यावर असलात तरी सुरुवात तळमजल्यापासून. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे सांगलीच्या पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. तुमच्या मजल्यावर पाणी आलं नसेल, पण भिंत दिवसेंदिवस पाण्यात उभी होती. वीट आणि चुना पाणी पितात, आणि वाट मिळाली की सोडतातही. ती वाटच बंद होते. खालच्या चुलतभावाने पुरानंतर कंटाळून चार फुटांपर्यंत टाईल्स लावलेल्या असतात, वर सिमेंटचा गिलावा. मग आतली ओल जाणार कुठे? वर. तुमच्या दिवाणखान्यात खिडकीखाली लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, फुटतो, रंगाचे पापुद्रे येतात, आणि पेंटर वॉटरप्रूफिंगचा डबा घेऊन हजर होतो. त्याला चहा पाजून परत पाठवा. तुमच्या इटालियन मार्बलचे पैसे आधी चुलतभावाच्या टाईल्स काढायला घालवा. त्याला राजी करणं हे काम माझं नाही, तुमचं.

सिमेंटचा गिलावा तुमच्याकडेही असेल, तर तो उतरवायचा. ड्रिल मशीन नको, छिन्नी-हातोडाच बरा. विटांच्या सांध्यातला भुसभुशीत चुना पाऊण इंच खोल खरवडून काढा, लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलात तर मीठ परत आत जातं. मग भिंत उघडी ठेवा. हेच लोकांना जमत नाही. पूर पाहिलेल्या भिंतीला एक आख्खा उन्हाळा उघडा द्यावा, असं माझं मत आहे. तुमचा डिझायनर घाई करेल, करू दे.

गिलाव्यासाठी कळीचा चुना आणून हौदात भिजत घालायचा. पाणी पडलं की तो उकळतो, फसफसतो, जवळ लहान मूल येऊ देऊ नका आणि डोळ्याला चष्मा लावा. विझल्यावर चाळणीतून गाळून पाण्याखालीच ठेवा, महिनाभर तरी. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. मिश्रण एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. सुरखी म्हणजे भट्टीतल्या विटांचं पीठ. तिच्यामुळे ओलसर जागेतही चुना धरतो. जुने लोक गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घालत. मी अजूनही घालतो, कारण चुना लवकर तडकत नाही. हाताने मुटका करून भिंतीवर फेकून बघा. चिकटून राहिला आणि बोट दाबल्यावर खळगा पडला पण चीर नाही पडली, की माल तयार. थर अर्धा इंचाचा, दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर. रोज सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिपका, आणि खिडक्यांवर ओली पोती. मे महिन्यात चुन्याचं काम काढू नका, उन्हाने सुकतो आणि पावडर होतो. दिवाळी झाली की सुरू करा. वर रंग चुन्याचाच, हवा तर त्यात पिवडी किंवा गेरू. प्लास्टिक इमल्शन मारलंत तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

लाकूड तपासणं सोपं आहे. तुळईचा मधला भाग बहुतेक धडधाकट असतो, भिंतीत गेलेलं टोक कुजलेलं असतं. तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचा. अर्धा इंचही जात नसेल तर सोडून द्या. लोण्यात सुरी जावी तसा गेला तर ते टोक गेलं. हातोडीने ठोका, खणखणीत वाजलं पाहिजे. टोक बदलताना आधी खालून टेकू, मग कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा जोडायचा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळायच्या. साग वखारीतून जुनाच घ्या, नवा ओला असतो, वर्षभरात पीळ खातो. आणि टोकाभोवती सिमेंट कोंबू नका, हवा खेळायला फट ठेवा.

कडीपाटावर पिढ्यान्‌पिढ्यांची फरशी साचलेली असते: माती, शहाबादी, त्यावर मोझॅक, त्यावर कोणीतरी व्हिट्रिफाईड. हे सगळं वजन तुळया वाहतायत. नवी टाईल लावायच्या आधी जुनी काढा, आणि एका कोपऱ्यातून नाही, खोलीभर सारख्या थराने, नाहीतर कडी वाकडी होते. कुठे जुनी नक्षीदार सिमेंट टाईल सापडली तर तिला ॲसिड लावू नका. साध्या साबणाच्या पाण्याने धुवा. ती फरशी विकत आणायची म्हटलं तर मिळत नाही.

बाथरूमचं काँक्रीट कडीपाटावर ओतू नका. दोन भिंतींवर बसणाऱ्या लोखंडी चौकटीवर घ्या, गळती झाली तर लगेच दिसेल अशी खाली जागा सोडा, आणि जुन्या परसाच्या बाजूला न्या. पाण्याच्या टाकीतही हाच हिशोब: १००० लिटर म्हणजे एक टन. ती छपरात कुठेही ठेवायची वस्तू नाही, जाड भिंतीच्या माथ्यावर स्टँड करा.

वायरिंग सगळं नवं. बॅटन पट्टीवरची कापडी वायर शोभेला ठेवायची असेल तर ठेवा, तिच्यातून वीज नको. आडव्या झिऱ्या मारून भिंत कापू नका, उघड्या पितळी किंवा काळ्या कंड्युटमध्ये वायर घ्या. चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवर ते डिझायनरच्या सगळ्या पॅनलपेक्षा देखणं दिसतं. अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) आधी. तळमजल्याच्या बोळातला मीटर पुराच्या पातळीच्या वर नेण्यासाठी महावितरणकडे अर्ज करा. हे काम मागे पडतं आणि जुलैमध्ये आठवतं.

आता फॉल्स सीलिंग. बारा फूट उंचीच्या खोलीत सागवानी कड्या आहेत, आणि लोक त्या पीओपीने झाकून नऊ फूट करतात. तेवढ्या पैशात कड्या खरवडून जवसाचं तेल पाजा, आणि झरोक्यांच्या जाळ्या मोकळ्या करा. एसीची गरज कमी होईल. उरलेल्या एसीचं बाहेरचं युनिट रस्त्याकडच्या भिंतीला नको, मागच्या अंगणात जमिनीवर पायाड करून ठेवा.

आई-वडील वर राहणार असतील तर लिफ्ट हवीच. तिचा सांगाडा स्वतंत्र, मागच्या चौकात, जुन्या भिंतीला न टेकता. जिना अरुंद असतो, त्यामुळे वॉर्डरोब जागेवरच बनवून घ्या. सोफा खिडकीतून दोरखंडाने चढवावा लागेल, तेव्हा लाकडी गज काढता येतील असेच बसवून ठेवा.

सगळ्यात शेवटचं, आणि भावकीत सगळ्यात जास्त भांडणाचं: छप्पर सामायिक असतं. पन्हळ कोणी साफ करायची, कौलं कोणी सारखी करायची, हे मे महिन्याच्या अखेरीस लेखी ठरवून घ्या, आणि खर्च कसा वाटायचा तेही. वरच्या कोपऱ्यातली पन्हळ तुंबली तर पाणी बरोबर तुमच्या नव्या गिलाव्यामागे उतरतं.