कलावंताच्या हालअपेष्टांविषयी लिहिताना

एखाद्या वादकाचे चरित्र लिहायला घेतले की ‘गरिबीने त्याला घडवले’ हे वाक्य आपसूक उमटते. ते खोडून मगच पुढे जावे. मुंबईच्या चित्रपटसंगीतातील गोमंतकीय वादकांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवल्यास ते का खोडायचे, हे कळेल.

हाल सुरू होण्याआधी वादक काय शिकला होता, याचा शोध सर्वप्रथम घ्यावा. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गावात पोटापाण्याची सोय तुटपुंजी असल्याने त्यांतले कित्येक मुंबईला आले आणि धोबी तलावाच्या आसपासच्या कुडांमध्ये, म्हणजे एकेका गावाच्या नावाने चालणाऱ्या सामायिक बिऱ्हाडांत, राहू लागले. तिथे ज्याची ट्रंक जिथे, तेवढीच त्याची जागा, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. गरिबीने त्यांना घराबाहेर काढले, पण स्वरलिपी ते घरूनच घेऊन आले होते.

राष्ट्रीयत्वाचा विचारही असाच कामाच्या अंगाने करावा. ‘गोवेकरांच्या रक्तातच संगीत आहे’ असे लिहिल्याने काहीच उलगडत नाही, उलट त्यांच्या मेहनतीवर अन्याय होतो. १९६१ पर्यंत पोर्तुगालच्या सत्तेखाली असलेल्या प्रदेशातील या माणसांकडे मुंबईला हवी असलेली एक नेमकी विद्या होती. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी; संयोजक ती स्वरलिपीच्या पाच रेघांवर उतरवून व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट यांच्यासाठी निरनिराळे कागद लिहून काढी. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम सेबास्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केले.

यशाविषयी लिहिताना मानधन, पडद्यावरचे नाव आणि शिष्य यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा, कारण संयोजकांची नावे श्रेयनामावलीत बहुधा येत नसत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्सालविस यांनी लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतील प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले आणि १९५८ मध्ये भारतीय व पाश्चात्त्य संगीताचा मेळ घालणारा वाद्यवृंदही उभा केला. केवळ पडद्यावरच्या नावांवरून त्यांची थोरवी मोजायला गेल्यास हे सारे निसटेल.

कुटुंबीयांना भेटायला गेल्यावर हालअपेष्टांचे प्रश्न मागे ठेवावेत. हाताने लिहिलेले स्वरलिपीचे कागद घरात उरले आहेत का, हे आधी विचारावे आणि असतील तर त्याच बैठकीत, परवानगी घेऊन, त्यांची छायाचित्रे काढून घ्यावीत.